मूठभर कोंड्याची लेक

माझी मुलगी जन्मली आणि आठवड्याच्या आत विकली गेली. सौदा हॅमिल्टनच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये झाला. विकणाऱ्या माझ्या सासूबाई, घेणारी आमची शेजारीण आणि किंमत एक मूठ गव्हाचा कोंडा. मी मध्ये बसून एकीचं मराठी दुसरीला आणि दुसरीचं इंग्रजी पहिलीला सांगत होते आणि मनातल्या मनात दोघींवर चडफडत होते. मी त्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. कोणी ओळखीचं बघेल या भीतीने दाराकडे पाठ करून बसले होते.

आधी शेजारणीबद्दल सांगते. आमच्या गल्लीत सगळी घरं सारखी, मध्ये लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे ती. अमेरिकेतल्या डकोटाच्या गवताळ माळावरून आलेली. इतिहासाच्या पुस्तकांत तिच्या लोकांना ‘सू’ म्हणतात. पहिल्याच भेटीत मी हे ज्ञान पाजळलं तर म्हणाली, “ते नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं. आम्ही लकोटा.” नवरा इथला माओरी. दोघं कुठल्याशा संमेलनात भेटले आणि ती इकडची झाली. दुधाच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, दोन आडदांड मुलगे आणि त्यांचे चिखलाने माखलेले रग्बीचे बूट कायम मागच्या लाकडी डेकवर.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी ती मटणाच्या सुपाचं पातेलं घेऊन आली. आम्ही शाकाहारी, असं सांगितल्यावर तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत गेली आणि थोड्या वेळाने भाजलेली कुमारा, म्हणजे इथली रताळी, घेऊन आली. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. भांडं रिकामं परत करायचं नाही हा आपला नियम, म्हणून मी त्यातून शिरा पाठवला. कोणालाही हात हलवत जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून बेरी शिजवून केलेलं काहीतरी दाट, गोड भरून तिने तोच डबा माझ्या हातात ठेवला. दोन नियम असे समोरासमोर उभे राहिल्यावर थांबायचं कोणी? तो डबा कुंपणावरून ये-जा करतच राहिला. माझा नवरा म्हणायचा, दोघींपैकी एक मेल्याशिवाय हे संपत नाही.

शनिवारी दुपारी तिच्या डेकवर चहा व्हायचा आणि ती आजीच्या तोंडून ऐकलेलं सांगायची. तंबू बाईच्या मालकीचा असायचा. तीच उभा करायची, तीच उतरवायची. नवऱ्याशी पटलं नाही तर त्याच्या वस्तू तंबूबाहेर ठेवल्या की काम झालं. उन्हाळ्यात बायका माळावर कंद खणायच्या आणि सोलून त्यांच्या शेपट्यांची वेणी घालायच्या, आपल्याकडे लसणीची घालतात तशी. ती वेणी हिवाळाभर टांगलेली. वाळवलेलं मांस बेरींबरोबर कुटून चरबीत मळून ठेवायचं. ज्याने सगळ्यात जास्त वाटलं तो सगळ्यात मोठा माणूस, त्यामुळे मुखियाच्याच घरात कधी कधी काही नसायचं.

आणि जावयाने सासूशी बोलायचं नाही. तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. भांडण नव्हे हं, मान! त्याचप्रमाणे सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही.

“आणि सासू आणि सून?” मी आशेने विचारलं.

“त्या बोलतात,” ती म्हणाली. “हीप्स.” इथल्या बोलीत, ढीगभर.

म्हणजे तिथेही आपलं नशीब तेच.

या मुलीच्या आधी दोनदा मला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा आम्ही हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आलो होतो. तिसऱ्या वेळी मुलगी झाली, पण दिवस भरायच्या फार आधी. सासूबाई पुण्याहून मिळेल त्या विमानाने आल्या. ऑकलंडच्या विमानतळावर त्यांचं वेखंड, हळकुंडं, सगळी बाळंतिणीची मुळं-साली कचऱ्याच्या पेटीत गेली. परदेशातलं झाडपाल्याचं काही या देशात शिरू देत नाहीत. “मुळ्यांना घाबरतात,” त्या म्हणाल्या, “एवढा मोठा देश!” पण काचेच्या पेटीत झोपलेल्या नातीला पाहिल्यावर त्या मुळं-साली विसरल्या. नाकात नळी, हाताला सुई, आणि तो हात माझ्या अंगठ्याएवढा.

काही दिवस बरे गेले आणि मग तिला इन्फेक्शन झालं. कोणतं औषध दिलं, किती दिलं, ते लागू पडलं नाही तर पुढचं कोणतं आणि त्याच्यानंतर हातात काय उरतं, हे सगळं मला पाठ होतं. बाकीच्या आया डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधत होत्या, मला तेवढीही सोय नव्हती.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हिला विकून टाकू.”

ज्या घरात मूल टिकत नाही तिथे नवं जन्मलेलं मूल आपलं नाहीच असं दाखवायची जुनी रीत आहे. शेजारणीला मूठभर कोंड्यावर विकायचं, नाहीतर उकिरड्यावर ठेवून परक्यासारखं उचलून आणायचं. नाव दगडू, धोंडू, केरू असलं ठेवायचं. न्यायला जो येतो त्याला वाटावं, हे असलं काय न्यायचं, आणि हे तर या घरचंही नाही. मूल वाढतं आपल्याच घरात. सासूबाईंचे एक काका असेच विकलेले होते आणि पिकल्या पानासारखे सावकाश गेले. हे मला लग्नानंतर गंमत म्हणून सांगितलं होतं. आता त्या गंमत म्हणून सांगत नव्हत्या.

“आई, प्लीज. मी इथे नोकरी करते.”

“मग तुझ्या नोकरीच्या आड येतंय का काही? औषधं चालू ठेव की.”

विकत घेणारी बाई अशी हवी की जिची मुलं जगली-वाढली. या शहरात सासूबाईंच्या ओळखीची तशी एकच बाई होती. ती रोज कामावरून सुटली की आमच्यासाठी जेवण घेऊन येत होती. माझा नवरा सकाळी पेटीशेजारी बसायचा, संध्याकाळी मी, आणि दोघांनाही जेवायची आठवण तिचा तो आइस्क्रीमचा डबा करून द्यायचा.

कोंडा सासूबाईंनीच सुपरमार्केटातून आणला, कारण गिऱ्हाइकाला कोंडा कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं. पाकिटावर ‘हाय फायबर’ लिहिलेलं. तो रिकाम्या डब्यात ओतून त्यांनी डबा शेजारणीपुढे सरकवला आणि मला म्हणाल्या, “सांग तिला. मूठ भरून मला दे म्हणावं आणि म्हण, पोर घेतली.”

मी सांगितलं. शक्य तितकं हसत सांगितलं. शेजारीण हसली नाही.

“मी घेतली तर ती माझी?”

“नावापुरती. एक पद्धत आहे जुनी. जस्ट फॉर शो.”

“आमच्यात नातं नावापुरतं नसतं,” ती म्हणाली. “तुझ्या सासूला विचार, त्यांना चालेल का?”

माझ्यात तेव्हा चर्चेचं त्राण नव्हतं. मी सासूबाईंना म्हटलं, “ती हो म्हणतेय.”

शेजारणीने मूठ भरली आणि दोन्ही हातांनी सासूबाईंच्या पदरात घातली. सासूबाईंनी पदराला गाठ मारली आणि साऱ्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाल्या, “गेली. आमची कोणी नाही ती.” मग चहाचा कप उचलला. तो न पिताच खाली ठेवला आणि पदराची गाठ पुन्हा आवळली. त्या बाईवर मी लग्नापासून कितीदा रागावले असेन, पण त्या क्षणी मला त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं.

त्यानंतर त्या नातीला नात म्हणेनात. पेटीजवळून मी बाहेर आले की विचारायच्या, “शेजारणीची पोर कशी आहे?” डोळे लाल, आवाज अगदी उडवाउडवीचा. आणि शेजारीण कोपरापर्यंत हात धुऊन माझ्याबरोबर आत यायची, पेटीला तोंड लावून तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणायची. मी एकदा अर्थ विचारला. “काही नाही. तुझे लोक बाहेर उभे आहेत, ये, एवढंच.”

ताप उतरला. मुलगी दूध ओढायला लागली. मी म्हटलं, अँटिबायोटिक लागू पडलं. सासूबाई म्हणाल्या, “औषधानेच गं. पण औषधाला तेवढी उसंत कोणी मिळवून दिली?”

पुढे तिची नाळ गळून पडली. नर्सने ती झाकणाच्या छोट्या डबीत घालून, लेबल लावून हातात दिली. इथे कोणाला त्यात वावगं वाटत नाही. माओरी लोक बाळंतपणातली वार आपल्या गावच्या जमिनीत पुरतात, म्हणून हॉस्पिटल आपण होऊन विचारतं. सासूबाईंना नाळेचा ताईत करायचा होता, पण इथे तसा सोनार कुठे शोधणार? शेजारणीने हात पुढे केला. “मला द्या. मुलगी माझी आहे.”

त्यांच्यात नाळ कातड्याच्या छोट्या पिशवीत शिवतात. मुलाची पिशवी पालीच्या आकाराची, मुलीची कासवाची. पाल तुटलेल्या शेपटीनिशी पळते, आणि कासवाचा जीव सहजी जात नाही. पिशवीवर मणी शिवायचे आणि ती पाळण्याला बांधायची. हे काम आजी करते, नाहीतर मावशी. आणि त्यांच्यात मावशीला वेगळा शब्दच नाही, तिलाही आईच म्हणतात. तिने इथल्याच हरणाचं मऊ कातडं मिळवलं. मणी तिच्या आईने तिकडून पाठवले. आत भरायची माळावरची वासाची पानंही पाठवली होती, पण ती पार्सलातून काढून टाकलेली, सासूबाईंच्या वेखंडासारखीच. हे ऐकून सासूबाई उठल्या आणि इंडियन दुकानातून आणलेल्या ओव्याची पुडी तिच्यापुढे ठेवली. शेजारणीने चिमूटभर चुरडून हुंगला, डोळे मिटले, पुन्हा हुंगला.

“स्वीट ॲज,” ती म्हणाली. म्हणजे एकदम झकास.

ती एक नाही, दोन कासवं शिवत होती. सारख्या आकाराची, सारख्याच निळ्या-पिवळ्या मण्यांची. मला वाटलं, दुसरं शोभेला. ती म्हणाली, “एकात नाळ. दुसऱ्यात नुसता ओवा. न्यायला कोणी आलंच तर त्याला चुकवायला.”

मी भाषांतर केलं. सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या, आणि मग त्या आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसल्या. “म्हणजे यांच्यातही दगडू-धोंडू आहेत!”

मुलगी घरी आली आणि माझा पारा चढायला सुरुवात झाली. शेजारीण दार न वाजवता यायची. आली की सरळ पाळण्याकडे. आपल्या मुलांना घेऊन आली आणि म्हणाली, “ही तुमची बहीण. हिच्यासमोर आरडाओरडा नाही.” ते दोघे डोंगर मोजे घालून चवड्यांवर चालायला लागले. सासूबाईंना ती ‘उन्ची’ म्हणायची, म्हणजे आजी, आणि सासूबाई त्या हाकेला ओ देत होत्या! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी बाळाला तेल कोमट हवं की गरम यावर त्यांची चर्चा तासभर चालायची. माझ्या घरात, माझ्या मुलीबद्दल, माझ्याशिवाय.

मग एक दिवस बाळ तपासायला घरी नर्स आली. दारातून आम्हा बायांचा घोळका बघून तिने हसून माओरीत नमस्कार करत विचारलं, “किया ओरा! मम कोण?”

“मी,” मी म्हटलं.

“मी,” शेजारीण म्हणाली. त्याच क्षणी.

नर्स गेल्यावर मी फुटले. “ती माझी मुलगी आहे. मी पोटात वाढवली. ते पाच मिनिटांचं नाटक होतं कॅन्टीनमधलं, आणि मी तुला तेव्हाच सांगितलं होतं!” आणखीही बरंच बोलले, आणि राग आला की मी मराठीत जाते, त्यामुळे निम्मं तिला कळलंच नाही. तिने बाळ माझ्या हातात दिलं, सासूबाईंकडे बघून मान हलवली आणि घरी गेली.

मला वाटलं, सासूबाई माझी बाजू घेतील. त्या दुपटी घडी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “विकलेलं पोर परत मागायचं नसतं.”

“आई, तुम्ही खरंच...”

“माझी, माझी म्हणून ओरडलीस. ज्याला फसवलं त्याने ऐकलं म्हणजे?”

मी फार्मसिस्ट आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आजही नाही. पण मी उठून खिडकी लावून घेतली. खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली सगळी भीतीच होती. दोनदा रिकामे आलेले हात होते माझे. मूठ सैल केली की हीसुद्धा जाईल असं मला जागेपणी, झोपेत, सतत वाटायचं. तसं मी कोणाला बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी शेजारीण येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आली. नेहमीसारखी, दार न वाजवता, डबा घेऊन. बाळाला खांद्यावर टाकलं आणि माझ्यासमोर बसली.

“आमच्या तळावर कुठल्याच पोराला एकच आई नसायची,” ती म्हणाली. “आईच्या सगळ्या बहिणी आया. बापाचे भाऊ बाप. आमच्यात पोरकं व्हायला फार मेहनत लागते.” मग बाळाची पाठ थोपटत म्हणाली, “तू हिला एकटीने जगवायला निघाली आहेस. म्हणून अशी दिसतेस. जा, झोप.”

मी कशी दिसते हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मला रडू कोसळलं. तिने बाळाला एका खांद्यावर ठेवलं आणि दुसरा मला दिला. त्या दुपारी मी अशी झोपले की सासूबाईंना मला चहाला हलवून उठवावं लागलं.

त्यानंतर मम कोण, असं कोणी विचारलं तर आम्ही एकमेकींकडे बघून जिला वेळ असेल तिला बोलू द्यायचो. सासूबाई पुण्याला परतल्या. मुलगी बोलायला लागली तेव्हा मी ‘आई’ झाले आणि ती ‘इना’, त्यांच्या भाषेतली आई. जेवण आवडलं नाही की पोर कुंपणापाशी जाऊन ‘इना’ म्हणून भोकाड पसरायची, आणि तिकडे रागावलं की इकडे येऊन ‘आई’ म्हणून. दोन आया असल्याचा फायदा तिला आमच्याआधी कळला होता.

मग शेजारणीची आई एकटी राहू शकेना. तिकडे माळावरच्या गावात दुसरं कोणी नव्हतं. मुलगे शिक्षणासाठी मागे राहिले आणि शेजारीण नवऱ्याला घेऊन आईकडे निघाली. घर रिकामं करताना जवळजवळ सगळं तिने वाटून टाकलं, सोफ्यापासून इस्त्रीपर्यंत, जो येईल त्याला. “न्यायचं काय? माणसं तर विमानात घेत नाहीत,” ती म्हणाली.

निघायच्या सकाळी आमच्या वायकाटो भागातलं नेहमीचं दाट धुकं होतं. ती आमच्या स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर दोन्ही कासवं ठेवली. इतके दिवस दोन्ही पाळण्याला आणि नंतर पलंगाला शेजारी शेजारी बांधलेली असायची.

“एक तुझ्याकडे. एक मी नेते.”

“नाळ कुठल्यात आहे?”

तिने खांदे उडवले. मी दोन्ही उचलून दाबून पाहिली. दोन्हीकडे ओवा, तेवढाच टणक, तेवढाच हलका. माझ्या कामात लेबल नसलेली पुडी आम्ही फेकून देतो.

“तुला माहीत आहे,” मी म्हटलं. “तूच शिवलंस.”

“शिवताना माहीत होतं. मग मुद्दाम विसरले.” तिने माझ्या हातातून एक काढून घेतलं. न बघता, माझ्या डोळ्यांत बघत. “ज्याला माहीत असतं त्याची नजर सारखी तिकडे जाते. आणि शोधणारा नजरेच्या मागून येतो.”

मुलगी तेव्हा तिच्या कमरेला घट्ट मिठी मारून उभी होती. शेजारणीने तिला सोडवली नाही. नवऱ्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी नाही. शेवटी पोरच कंटाळून खेळायला गेली आणि मग ती गाडीत बसली. आइस्क्रीमचा डबा माझ्याकडे राहिला. शेवटी मीच हरले म्हणायचं, कारण तो परत कसा पाठवायचा?

परवा मुलगी पाच वर्षांची झाली. इथे पाचव्या वाढदिवसाला शाळा सुरू होते. सकाळी नवं दप्तर, नवे बूट, आणि दप्तराच्या आतल्या बाजूला मी कासव बांधत होते. टेबलावर फोन टेकवलेला, त्यात तिची इना. तिच्याकडे आदल्या दिवशीची दुपार होती आणि तिच्या मागे खिडकीला तिचं कासव टांगलेलं दिसत होतं.

मुलीला सगळी गोष्ट पाठ आहे. आपण विकले गेलो याचा तिला गर्व आहे, शाळेतही सांगणार म्हणाली. फक्त एक गोष्ट तिला छळते.

“इना, रिअल वन कुठलंय? माझं का तुझं?”

“तुझ्या आईला विचार,” फोनमधून उत्तर आलं.

पोर माझ्याकडे वळली. दोन वेण्या, पुढचा एक दात हलणारा, गुडघ्यावर खरचटलेलं, अशी ठणठणीत. “आई, ओपन करून बघू या ना. सीझर्स आण.”

कात्री समोरच्याच खणात होती. मी दप्तराची चेन लावली.

“मला काय विचारतेस?” मी म्हटलं, मोठ्याने, भिंतीपलीकडे कोणी कान लावून असेल तर त्यालाही स्पष्ट ऐकू जावं इतक्या मोठ्याने. “मी कोण तुझी? तू तर शेजारणीची पोर.”

फोनमध्ये इना डोळे पुसत हसत राहिली. मुलीनेही मान डोलावली, तिला ते पटलं होतं. मग तिने माझा हात धरला आणि मी तो शाळेच्या फाटकापर्यंत सोडला नाही.